कच्च्या टाक्यांचा कोट

हात लावू नका त्या कोटाला. — नाही, तयार नाहीये तो. नुसते कच्चे टाके आहेत, ओढलंत तर बाही हातात येईल. आणि हळू बोला जरा, आत सून आहे माझी. तुम्हीच काढला होता ना तो फोटो? अख्ख्या देशाचे साहेब माझ्या आरशासमोर, अंगात साधा कोट, वर्दी नाही — आणि खाली छापलंत, 'तहाची तयारी'. वा! डावीकडूनच का काढलात? उजवीकडे टाचण्या होत्या म्हणून. तुम्हालाही माहीत, मलाही माहीत — मग आता कसला नवा फोटो मागताय?

बोलणी सुरू झाली की साहेब येतात, हा कोट चढवतात, फोटो होतो, बोलणी फिसकटतात, कोट परत खुंटीला. पक्की शिलाई घाला, असं आजवर एकदाही म्हणाले नाहीत. का म्हणावं? त्यांचं काय अडलंय? लढाई चालू आहे तोवर नळाला पाणी का नाही असं विचारणारा गद्दार ठरतो. ती थांबली की तोच माणूस दारात येऊन विचारणार — पाणी कुठंय, माझा पोरगा कुठंय, आणि तुम्ही अजून खुर्चीत कसे? मरतंय कोण? आमची पोरं. त्यांचा मुलगा कुठल्या खंदकात आहे, सांगा ना! मी माप घेत होतो तेव्हा सचिवाला म्हणाले, 'एवढे बंदूकवाले रिकामे होऊन घरी आले, की त्यांना माझीच खुर्ची दिसेल.' शिंप्यासमोर माणसं बिनधास्त बोलतात हो — त्यांच्या लेखी आम्ही म्हणजे भिंत.

आणि इथं माझी सून! माझा पोरगा तिकडं सीमेवर, आणि तुमचा तो फोटो हिनं भिंतीला चिकटवलाय. रोज नवऱ्याचे शर्ट काढते, इस्त्री करते, घडी घालते. तह झाला की येणार म्हणे! काय सांगू मी तिला? काय सांगू? की काल साहेबांचा माणूस येऊन पुढच्या हिवाळ्यासाठी जाड अस्तराच्या वर्द्या सांगून गेला? पुढच्या हिवाळ्यासाठी! ज्याला तह करायचाय तो कशाला — काय झालं? माझ्या मागं काय बघताय?

सूनबाई... कधीपासून उभी आहेस तू? — इस्त्री तशीच राहिली का आत? जळल्याचा वास येतोय.

तुम्ही निघा. कॅमेरा उचला आणि निघा.