बाबांचा चारचा चहा

तुम्ही विचारून राहिले ना, आमच्या प्रताप नगरच्या घरी कम्प्युटर इतका जुना काहून ठेवला? अरे, मी अपग्रेड कराले बसलोच होतो. मधातच अडलं. नव्या सिस्टिमले आवाजाचं नवं सॉफ्टवेअर पाहिजे, अन् बाबांनी स्वतः लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामले जुनंच. दोन्ही संग राहत नाहीत. स्क्रीनवर आलं, जुना प्रोग्राम काढू का?

"काय विचारून राहिला गा तो?" आई म्हणाली. मी सांगितलं.

"नाही म्हण त्याले."

"आई, बाबा जाऊन वर्ष झालं."

"माहीत आहे मले."

मी 'नाही' दाबलं. थोड्या वेळानं स्पीकरमधून रोजच्यासारखा बाबांचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, "चार वाजले, चहा ठेव वं."

सैपाकघरातून आई म्हणाली, "ठेवून राहिली ना जी."