सावलीतला हिरवा

दाढ ठणकत होती आणि नंबर यायला वेळ होता, म्हणून पोस्टातल्या बाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे होते.

"माझ्या गालाला हिरवा रंग लावलात म्हणे."

"कोणी सांगितलं तुला?"

"तुमच्या चित्रकलेच्या क्लासमधली ती मुलगी भेटली. म्हणाली, काकू, तुम्ही हिरव्या छान दिसता."

"अगं, गालाला नाही, गालाखालच्या सावलीला. चेहरा तांबूस असला की सावलीत हिरवट झाक येते. मी आधी काळा लावला होता, तर सरांनी ट्यूबच काढून घेतली."

"ती का?"

"म्हणाले, काळ्याने माणूस आजारी दिसतो. नीट बघा आणि मग रंग मिसळा."

"मग बघितलंत?"

"बघणार कुठे? कपाटातल्या आपल्या लग्नाच्या फोटोवरून काढतोय. त्यात सगळं काळं-पांढरंच."

"आणि मी घरात असते ती?"

"तुला कामं असतात."

"मला बस म्हणालात कधी?"

बाईंनी एक डोळा किलकिला केला. आजी उठून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या.

"इथे उजेड आहे. सांगा, कुठे दिसतोय हिरवा?"

"मान जरा वळव. हां. आहे गं, हनुवटीपाशी. पण मी लावलाय त्यापेक्षा फिका."

"आजोबा, चला, तुमचा नंबर," आतून हाक आली.

"या बाईंना घ्या आधी," आजोबा मान न वळवता म्हणाले, "मला वेळ लागेल."