पलूसचं लिनक्स

कुठलं लिनक्स चांगलं म्हणून वाद घालताय ना, मग पलूसच्या सुनंदाताईंचं ऐका.

फ्लॉपीचे दिवस होते. माझा मित्र शिरीष डेबियनवाला, मी स्लॅकवेअरवाला. दोन्ही लिनक्सच, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली प्रणाली, पण सांगलीत आम्ही त्यावरून भावकीसारखे भांडायचो. ताईंनी पलूसमध्ये मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास काढला होता. दुसऱ्या दिवशी अकरा मुली येणार होत्या आणि जुनं आणलेलं मशीन अजून कोरं होतं, त्यात लिनक्स टाकायचं होतं. आम्ही दोघं आपापले फ्लॉप्यांचे डबे घेऊन एसटीनं गेलो.

तिथंही तेच. मी म्हणालो, "शिकायचं तर स्लॅकवेअरच. सगळं कसं साधं, उघडं."

"आणि बिघडलं की तू रोज सांगलीहून येणार?" शिरीष म्हणाला.

भांडत भांडतच चहाला गेलो. दोन तासांनी परतलो, तर ताई मशीनसमोर बसलेल्या आणि मशीन सुरू!

"आवं, झालं की," त्या म्हणाल्या. "तुमचं मिटंना, म्हणून मीच टाकलं."

"कुठलं?" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"नाव कुनी बगितलंय? शिरीषभाऊंच्या डब्यात कवा काय दाबायचं त्याचा मराठीत लिवलेला कागद हुता. तुमच्या डब्यात नुसत्या फ्लॉप्याच."

क्लास ठरल्या दिवशी सुरू झाला. मी आजही स्लॅकवेअरच वापरतो. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत शिरीषकडून पेन मागून घेतलं आणि वहीत पहिली ओळ लिहिली, "घाबरू नका. पहिली फ्लॉपी घाला."