कुठे म्हणून विचारू नये

—नाही हो, त्रास कसला, बसा ना. स्टोव्ह पेटलेलाच आहे, दोन कपांत तिसरा काही जड नाही. सिद्धेश म्हणालात ना? हर्नडनचे. आणि बायको अजून टेंटमध्ये झोपलीय, बरं. मी रेणू. आम्ही सनीव्हेलला असतो. मघाशी नळापाशी तुमच्याशी बोलत होत्या ना, त्या माझ्या सासूबाई. मराठी कानावर पडलं की आईंना राहवत नाही, मग ते पुणं असो की अलास्का. काय बोलत होत्या? नाही, सहज — राहू द्या, सांगू नका. मला ठाऊक आहे. शैलेंद्र, म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा, इथूनच फिरायला गेला, निघताना ह्या रेणूने ‘कुठे’ म्हणून विचारलं, म्हणून परत आला नाही. असंच ना? सगळ्यांना सांगतात हो. इथल्या रेंजरलासुद्धा दर वर्षी सांगतात. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणजे भाषांतर करायला मीच. माझ्यावरचा आरोप मीच इंग्रजीत करते, तेही नम्रपणे. तो बिचारा मान हलवतो, आय ॲम सो सॉरी मॅम म्हणतो. साखर किती घालू?

त्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आल्या होत्या, पहिल्यांदाच. सगळे आपापल्या आईवडिलांना नायगारा दाखवतात, धबधब्यापुढे स्वेटर-साडीत उभं करून फोटो काढतात — आमच्या शैलेंद्रला काहीतरी वेगळं करायचं होतं. अँकरेजला उतरलो, व्हॅन रेंट केली, तिच्यात टेंट, स्लीपिंग बॅगा, भाजणीचं पीठ, लोणच्याची बरणी, आईंचा बाळकृष्ण. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि डोंगरातून खाली आलेला बर्फ — आई पूर्ण रस्ताभर हात जोडून बसल्या होत्या. अस्वलं येतात म्हणून खायचं सगळं त्या लोखंडी पेटीत ठेवायचं, कुलूप लावून. आई म्हणाल्या, जळली मेली तुमची सहल, लोणचं तुरुंगात आणि माणसं उघड्यावर! काय हसलो होतो आम्ही. वाटेने चालताना आवाज करायचा असतो ना, अस्वल दचकू नये म्हणून — इथले लोक ‘हे बेअर, हे बेअर’ ओरडतात — तर हा ओरडायचा, ‘ओ अस्वलराव! आहात का घरी?’ रुही आमची, एवढीशी होती तेव्हा, खांद्यावर बसून तीही ओरडायची. आता ती येत नाही. मॉम, इट्स क्रीपी, म्हणते. मैत्रिणीकडे राहते. बरोबरच आहे तिचं.

जेवणं झाली होती. रुही झोपलेली. ह्याच, म्हणजे असल्याच बाकावर बसून तो बुटाची लेस बांधत होता — तुम्ही आत्ता बांधताय ना, तशीच — आणि मी भांडी घासता घासता विचारलं, कुठे चाललास रे? झालं. तुला माहीत असेल — तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या धाकट्या भावाएवढा आहेस — निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, काम होत नाही म्हणतात. विचारायचंच झालं तर ‘लांब का?’ असं विचारावं. आणि चुकून तोंडातून गेलंच, तर त्याला खाली बसवायचं, हातावर साखर ठेवायची, मग निघू द्यायचं. आमच्या नागपूरला असलं काही नव्हतं. आमच्याकडे गल्लीच्या ह्या टोकावरून त्या टोकाला ‘कुठं चालला बे’ म्हणून विचारत. पण आईंचं सगळं शिस्तीत. उठल्याच तावातावाने. अगं कुठे म्हणून काय विचारतेस, शिकवलं नाही का कुणी? त्याला बसवलं, साखर दिली. तो माझ्याकडे बघून डोळा मारतोय, आणि मला असा संताप आला — ऐन सहलीत माझं माहेर कशाला काढायचं? — मी पाठ फिरवली आणि भांडी आपटत बसले. तो म्हणाला, आल्यावर सांगतो गं. हे शेवटचं. मी बघितलंसुद्धा नाही कुठल्या बाजूला गेला ते. गाडीची किल्ली टेबलावरच होती, म्हणजे पायीच गेला.

आणि इथे अंधार पडत नाही रे. तुम्ही दोघं काल आलात, बघितलंत ना? मी आईंना म्हणते, अजून कसा आला नाही, तर आई म्हणतात, येईल गं, दिवेलागणीला येईल. जन्मभर तेच बघितलंय त्यांनी, घरचा माणूस दिवेलागणीला येतो. पण दिवेलागण व्हायला तर पाहिजे! ऊन आपलं तसंच. शेजारची मुलं फ्रिजबी खेळतायत. आम्ही दोघी वाट बघत बसलोय, बाहेर उजेड आहे म्हणजे उशीर झाला नाही असंच वाटतंय. घड्याळ बघितलं तेव्हा रात्र कधीच सुरू झाली होती. मला अजून कधी कधी वाटतं, तोही तिकडे कुठेतरी असाच थांबलाय, दिवे लागले की निघू म्हणून. वेडेपणा आहे, मला कळतं. चहा घे, गार होतोय.

रेंजर आला, त्याने पहिला प्रश्न काय विचारावा? डिड ही से व्हेअर ही वॉज गोइंग? नो. यू डिडन्ट आस्क? आता काय सांगणार त्याला! इथून तीन वाटा फुटतात — एक वर ग्लेशियरकडे, एक खाली नदीच्या पात्रात, ते राखेसारखं करडं पाणी, त्यात पाय घातला तर तळ दिसत नाही, आणि एक समुद्राकडे. तीन दिशांना किती माणसं पाठवणार? कुत्री आणली, हेलिकॉप्टर आणलं. चांगली माणसं होती, जीव तोडून शोधत होती. रुमालसुद्धा मिळाला नाही.

आईंनी ठरवून टाकलंय की तो ग्लेशियरकडे गेला. का? वर जाताना वाटेत पाट्या आहेत, बघशील तू — अमक्या साली बर्फ इथवर होता, तमक्या साली तिथवर. दर वर्षी मागे सरतोय. येणारे जाणारे पाटीपाशी थांबून हळहळतात, ग्लोबल वॉर्मिंग, व्हॉट अ शेम. एकट्या आमच्या आई खूश होतात. गेल्या वर्षीपेक्षा किती वितळलं ते बघतात आणि मला म्हणतात, अजून थोडं राहिलं गं रेणू. अजून थोडं वितळलं की दिसेल. म्हणून येतो आम्ही दर उन्हाळ्यात. पुणंही सोडलं त्यांनी, माझ्याकडेच राहतात. आणि मी — मी वाटेवरच्या झुडपांजवळून गेले की मला मागून ऐकू येतं, ‘अस्वलराव, आहात का घरी?’ अगदी स्पष्ट. वळून बघत नाही मी. उत्तरही देत नाही. आईंना हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मला राग? येतो ना. फार येतो. लोकांसमोर सुनेला असं म्हणतात, मैत्रिणी सांगतात, तू कशाला ऐकून घेतेस, एकदा सुनाव ना. काय सुनावू? सुनावलं असतं तर त्यांचं काय झालं असतं? माझ्या नावाने बोटं मोडतात तोवर जेवतात तरी, झोपतात तरी. मी विचारलं म्हणून तो गेला — बरंय की. तेवढं मला पेलतं. त्या म्हाताऱ्या जिवाला दुसरं पेलणार नाही.

दुसरं म्हणजे — काही नाही रे. जाऊ दे.

त्याने हात उचलला होता. मी विचारलं ना कुठे, तर त्याने मान वर केली आणि हात उचलला, दाखवायला. तोंडाने सांगायचा कंटाळा, सवयच होती त्याची, साधा डबा कुठे आहे विचारलं तरी बोट दाखवायचा. हात अर्धा वर आला, आणि आईंनी तोच हात धरून खाली ओढला आणि त्यावर साखर ठेवली. कुठल्या बाजूला वळत होता तो हात, मी रोज आठवून बघते. इतकं बघितलंय की आता तिन्ही बाजूंना वळताना दिसतो. एवढा एक क्षण जाऊ दिला असता तर एका वाटेवर सगळे गेले असते, त्याच दिवशी, ऊन असताना. हे मी रेंजरला नाही सांगितलं, नागपूरला माझ्या आईला नाही सांगितलं. ह्या आई तेव्हा साखरेकडे बघत होत्या, त्यांना कळलंच नाही काय झालं ते. आणि कळता कामा नये. म्हणून तुला विनंती, त्या पुन्हा भेटल्या आणि माझ्याबद्दल बोलल्या तर नुसतं हो म्हण. चुकलंच तुमच्या सुनेचं, म्हण. एवढं कर.

काय?

सांगितलंच नाही? माझं नावसुद्धा नाही घेतलं? मग नळापाशी एवढा वेळ काय बोलत होतात?

नाही. आई नाही विचारणार. अरे, त्या कुणालाच कुठे म्हणून विचारत नाहीत, पोस्टमनला नाही, रुहीला नाही — त्यांनी विचारलं? तुला? कुठे चाललास म्हणून?

बरं. आणि तू हात करून दाखवलंस. वर, बर्फाकडे. मग?

तसाच धरून ठेव म्हणाल्या. खाली घेऊ नकोस म्हणाल्या. आणि तू धरलास.

रडत होत्या?

म्हणजे तो हात बघितला होता त्यांनी. इतकी वर्षं — आणि मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळतेय.

तू जा आता, सिद्धेश. नाही, कप राहू दे, मी विसळते. बायकोला उठव, कुठे ते तिला सांग आणि मग जा. जा म्हटलं ना — त्या येतायत.

या, आई. बसा इथे.