चाळीस देवगड

चहा पी रे, पण आधी हे ऐक. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात चाळीस व्हर्च्युअल डेस्कटॉप लावायचे होते. म्हणजे एक टेम्प्लेट मशीन नीट तयार करायचं, त्याच्या कॉप्या काढायच्या आणि प्रत्येक कॉपी कंपनीच्या डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला, जोडायची. सोमवारी दहाला लोक कामाला बसणार, आणि साडेनऊला आमची वाट लागली. एक डेस्कटॉप जोडला की आधीचा बाहेर. नुसती संगीत खुर्ची!

हेड ऑफिसचा एक्स्पर्ट म्हणाला, "सगळं पुसून नव्याने करा. दोन दिवस लागतील."

म्हटलं, "थांबा, मला बघू दे." बघतो तर काय, टेम्प्लेटच कोणीतरी आधी डोमेनला जोडून ठेवलेलं. त्यामुळे चाळीसच्या चाळीस कॉप्या तेच एक नाव सांगत दारात उभ्या. मी टेम्प्लेट डोमेनमधून काढलं. प्रत्येक कॉपीने आधी स्वतःचं वेगळं नाव घ्यायचं, मगच आत यायचं, असं लावून दिलं. अकराच्या आत सगळे डेस्कटॉप चालू! आमच्या हेड नाईक मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनीच विचारलं, "पण ते टेम्प्लेट आधी जोडलं कोणी?"

मी गुपचूप स्क्रीनकडे बघायला लागलो. शेजारची स्मिता म्हणाली, "मॅडम, सगळ्या कॉप्यांचं नाव 'देवगड' होतं. आणि ऑफिसात देवगडचा हा एकटाच."

आता लपवणार काय? छाती पुढे काढून म्हटलं, "मीच, मॅडम! पण एका सकाळी अंधेरीत चाळीस देवगड वसवणारा दुसरा कोणी दाखवा ना!"