गाळणीतला बर्फ

सून : खेळणं काय म्हणता बाबा! गस्तीचं यंत्र आहे ते, बर्फाच्या ग्रहावरचं.

सासरे : असेल बाई. मला तर गुडघे आखडलेला उंट दिसतोय.

सून : हसा, हसा! पाच वाजता मॉडेलच्या प्रदर्शनात मांडायचंय, आणि बर्फाची ही दशा.

सासरे : बर्फ होय? मला वाटलं, पिठाचा डबा सांडलाय.

सून : तेच तर! संगमरवराची पूड आहे. खाली डिंक लावायचा आणि वरून गाळणीनं भुरभुरायची. पण माझ्या हातून नुसती ढेकळं पडतात. दोनदा खरवडून काढलं. आता शेवटची वाटीभर उरलीय. ती बिघडली की सहा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी.

सासरे : टिचक्या मारतेस ना? म्हणून एकाच जागी पडतंय.

सून : मग तुम्ही दाखवा करून.

सासरे : मी? छे, छे!

सून : चाळीस वर्षं भिंतींना गिलावा केलात की!

सासरे : तेव्हा केला. आता हा हात बघ. कप धरला तर निम्मा चहा बशीत. दोन वर्षांत थापीला शिवलो नाही. आणि आता तुझ्या कामाचा विचका करू?

सून : झाला तर झाला. धरा.

सासरे : भारी हट्टी आहेस. माझ्या पोरानं तुझ्यापुढे हात का टेकले, ते आज कळलं.

सून : नुसती गाळणी धरायचीय. पूड मी घालते.

सासरे : नंतर माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत!

सून : नाही फोडणार. जरा वर... अजून वर. हं, आता घालते.

(गाळणी थरथरू लागते. सासरे डोळे मिटून घेतात.)

सून : बाबा...

सासरे : बिघडलं ना? सांगत होतो मी!

सून : अहो, डोळे उघडा आधी!

सासरे : अरेच्चा!

सून : पायांवर, पाठीवर, खडकांवर, सगळीकडे एकसारखा! एक ढेकूळ नाही! टिचक्या मारून माझी बोटं सुजली, आणि तुमचा हात आपला आपण चाळतोय!

सासरे : बोलू नकोस, पूड घाल. डावीकडे कमी पडलंय, यंत्राखालचा पाट फिरव. सावकाश गं! वारा कुठून येतो तुझ्या ग्रहावर?

सून : वारा? तो ठरवलाच नाही.

सासरे : मग सहा महिने केलंस काय? वाऱ्याच्या अंगाला थर जाड हवा. उजवीकडून येतो असं धर. फिरव!

सून : हो, मालक! बाबा, खालच्या पाटीवर तुमचंही नाव घालते. ‘यंत्र : सून. बर्फ : सासरे.’

सासरे : सासरे नको. गवंडी लिही.

सून : लिहिते. बरं, पुरे आता. उंट बुडेल तुमचा.

सासरे : पडू दे गं अजून थोडा.