आरशावरची चादर

आईशप्पथ खरं हाय. म्हणजे पर्शानं मले सांगतलं तेवढं तं खरंच हाय.

पर्शा वर्ध्यात जिममध्ये ट्रेनर हाय. दिवसभराची सारी खबर तो रोज मोबाईलमधल्या एआयले सांगते. तिथं एक काका येत. डॉक्टरनं त्याईले बजावलं होतं, व्यायाम करा, नाई तं शुगर पाय खाईन. तरी काका चार-चार दिवस गायब.

एआय म्हणे, "काका फक्त लाईट गेल्यावरच येतात. कारण तुम्हीच विचारा."

पर्शानं विचारलं, "काऊन जी काका?"

"उजेडात आरशात पोट दिसते ना बाबू. लाज वाटते."

पर्शानं आरशावर चादर टाकली. आता काका रोज येतेत. अन् आरसा झाकला म्हणून बॉडीवाले पोट्टे दंड फुगवून त्याईलेच विचारतेत, "काका, कसे दिसून राह्यले?"

"दंड अजून कच्चे हायेत बाबू. उद्या येजो."

हसला ना? मंग चहाचे पैसे तूच दे.